टाकीवरचा माणूस

यंत्राने मला खोटी ठरवलं असतं तर बरं झालं असतं. भांडता तरी आलं असतं. खोटं बोलतेस म्हणणाऱ्याशी कसं भांडायचं हे मला चांगलं ठाऊक आहे, आयुष्य त्यातच गेलंय. पण ते मेलं यंत्र म्हणालं, बाई खरं बोलतायत, फक्त त्यांची आठवण त्यांची स्वतःची नाही.

"म्हणजे काय?" मी डॉक्टरीणबाईंना विचारलं. "माझी आठवण माझी नाही, तर काय शेजारणीची आहे?"

"मावशी, रागावू नका."

"रागावू नको तर काय ओवाळू तुम्हाला?"

डॉ. इरा सबनीस माझ्या मुलीच्या वयाच्या. चौकशी आयोगाने जिल्ह्याच्या गावी एका बंद पडलेल्या सिनेमागृहात कचेरी थाटली होती, तिथे त्या यंत्र चालवत. त्यांनी माझ्या डोक्यावरचं यंत्राचं टोपडं काढलं, पाण्याचा ग्लास पुढे केला. मी तो घेतला नाही.

मी शाहीर मालन भिंगारदिवे. आमच्या भागात हे नाव नव्याने सांगावं लागत नाही, पण तुम्ही कुठले कोण, म्हणून सांगते. तीस वर्षांपूर्वी हिंगणखेडच्या बाजारतळावर माधवभाई खिलारे यांना भर सभेत गोळी घातली. भाई म्हणजे आमचा देव नव्हे, भाईंना ते आवडलं नसतं; पण आमचा आवाज होते भाई. सभेआधी आमचं कलापथक गात होतं. भाई आले, भाषणाला उभे राहिले, आणि पुढच्या रांगेतल्या एका माणसाने उठून गोळी झाडली. तो जागीच सापडला, पुढे तुरुंगात मेला. सरकारचं प्रकरण तिथे मिटलं.

आमचं नाही मिटलं. कारण आवाज दोन झाले होते. एक समोरून, एक पाण्याच्या टाकीकडून. आणि टाकीवर माणूस होता, त्याच्या हातात लांब काळी नळी होती. हे मी पोलिसांना सांगितलं, पेपरवाल्यांना सांगितलं. कुणी ढुंकून पाहिलं नाही, तेव्हा बसले आणि पोवाडा लिहिला.

टाकीच्या डोईवर, उभा हरामखोर, रोखून नळी लांब काळी।
भाईचा शब्द ओठांत, घुमली दुसरी गोळी, जी रं जी जी॥

हा चौक, म्हणजे पोवाड्याचं हे कडवं, लोकांनी डोक्यावर घेतलं. भाईंच्या पुण्यतिथीला दरसाल गायला, लग्नात गायला, मोर्चात गायला. भाईंना दोघांनी मारलं, दुसऱ्याला कुणीतरी मोठ्याने पाठवलं होतं, हे अख्ख्या तालुक्याला माझ्या तोंडून कळलं. शेवटी सरकारला आयोग नेमावा लागला, तो ह्या दुसऱ्यासाठीच.

आता तर फोनवर टाकीवरच्या माणसाचे सिनेमे निघालेत. कुणीही बसल्या जागी बनवतं. एकात त्याला दाढी आहे, एकात तो चक्क हेलिकॉप्टरने येतो. चित्रफीत आणि फोटो यांची कोर्टात किंमत शून्य झाली, म्हणून तर माणसाच्या आठवणीला भाव आला आणि ही यंत्रं निघाली. त्यांचं सरकारी नाव हातभर लांब आहे. लोक चाळणी म्हणतात.

"आठवण म्हणजे पेटीत जपून ठेवलेला फोटो नव्हे," इराबाई समजावू लागल्या. "दर वेळी आठवताना मेंदू ती नव्याने शिजवतो, आणि शिजवताना हाताशी असेल ते त्यात पडतं. जे त्या क्षणी तुमच्या अंगावर आलं, म्हणजे डोळ्यांनी टिपलं, मान वळली, पोटात गोळा आला, नाकात वास गेला, त्याची मेंदूत एक तऱ्हा असते. जे नंतर कानावरून आलं त्याची दुसरी. तुम्ही आठवत असता तेव्हा यंत्र ह्या तऱ्हा वेगळ्या करतं. अंगावरचं निळं, कानावरचं पिवळं. खरं की खोटं हे त्याला कळत नाही. आठवण कुठून आली, एवढंच कळतं."

त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. भाई पडले, ते निळंशार होतं. रक्त, माझी चप्पल तुटली, कुणीतरी माझ्या पायावर पाय दिला, सगळं निळं. आणि टाकीवरचा माणूस हळदीसारखा पिवळा.

"ही खालची रेघ बघा. हा ताल आहे. तुम्ही तेव्हा आठवत नव्हतात मावशी. मनात गात होतात."

"अगं बाई, पण पोवाडा मीच लिहिलाय! बघितलं म्हणून लिहिलं ना?"

"असेलही. पण मूळ जे काही होतं, त्याच्यावर तुम्ही इतक्या वेळा गायलात की खालचं काही शिल्लक नाही. तुम्ही ते पाहिलं होतं की लिहिताना सुचलं, हे आता यंत्र सांगू शकत नाही."

"आणि मीही सांगू शकत नाही, असंच ना?"

त्यांनी पडदा परत स्वतःकडे वळवला. मग म्हणाल्या, की नळी पाहिल्याचं सांगणारे जेवढे साक्षीदार आले, ते सगळे पिवळे निघाले, आणि सगळ्यांच्या खाली माझा ताल होता.

मला इतका संताप आला की काय सांगू. माझंच गाणं माझ्याविरुद्ध साक्षीला उभं! त्या भरात मी बोलून गेले, "मग माझ्या नवऱ्याला बसवा खुर्चीत! ढोलकीवर होता तो, टाकीकडे तोंड करून. आणि तीस वर्षांत त्याने तोंड उघडलेलं नाही. ना कुणाला सांगितलं, ना गायलं."

इराबाईंच्या हातातलं पेन थांबलं. "कधीच नाही?"

"कधीच नाही. भित्रा आहे."

"मग एक करा. त्यांची चाचणी होईपर्यंत ह्या विषयावर त्यांच्याशी चकार शब्द काढू नका. तुम्ही विचारलंत, त्यांनी उत्तर दिलं, की संपलं. असा कोरा साक्षीदार आम्हाला आजवर मिळालेला नाही."

परतीच्या एस.टी.ला आता ड्रायव्हर नसतो. खड्डे मात्र आहेत तेच. अर्ध्या वाटेत आमच्या पक्षाचा तालुकाध्यक्ष प्रमोद गुजाळ याचा फोन आला. माझ्या नवऱ्याच्या साक्षीची बातमी ह्याला कुणी पुरवली देव जाणे.

"ताई, भागवतकाकांची साक्ष म्हणजे सोन्याहून पिवळं! काका बोलले की सोपान लोणारी आत गेलाच म्हणून समजा."

सोपान लोणारी भोंगेवाला. सभेला कर्णे बांधायचा. इतकी वर्षं टाकीवरच्या माणसाला नाव नव्हतं. आयोगाने जुनी कागदपत्रं चाळली तेव्हा निघालं, की त्या दिवशी टाकीवर चढलेला एकच माणूस, सोपान. सोपान म्हणत होता, मी कर्णा फिरवायला चढलो होतो. लोक म्हणत होते, कर्णा फिरवायला गेला आणि बंदूक घेऊन बसला. गावात त्याच्या दुकानावर दगड पडले होते. त्याच्या सुनेने पोरांची शाळा बंद केली होती.

आणि मला वाईट वाटलं नव्हतं. उलट बरं वाटलं होतं. तीस वर्षं ज्याच्या नावाने बोटं मोडली, तो सापडला होता.

आमचे हे म्हणजे भागवत. कलापथकात सगळे भागवत म्हणायचे, स्टेजवर मीही म्हणायची, घरात अहो. भाई गेले त्या दिवसापासून ह्यांनी ढोलकी खुंटीला लावली. त्यानंतर ढोलकीवर पुतण्या बसू लागला आणि हे सामानाबरोबर यायचे. टाकीचा चौक सुरू झाला की हे उठलेच! तंबाखूची पुडी काढून मंडपाबाहेर. बायको जीव तोडून गातेय आणि ह्यांना तंबाखू सुचते. घरी मी रियाजाला बसले, की त्या चौकाला हे परसात जाऊन पाण्याची मोटर चालू करायचे. टाकी भरलेली असली तरी. मी ओरडायची, "अहो, पाणी वाहून चाललंय!" तर म्हणायचे, "जाऊ दे, झाडांना मिळेल."

घरी आल्यावर सांगितलं, "तुम्हाला बोलावलंय. मी तुमचं नाव दिलं. तोवर त्यावर बोलायचं नाही म्हणाल्यात बाई."

मला वाटलं, अंग चोरतील. पण त्यांनी हातातली तंबाखूची पुडी बंद केली. मग म्हणाले, "येतो."

"बस? येतो?"

"बोलू नको म्हणालेत ना?"

झालं. त्यानंतर आमच्या घरात जे सुरू झालं ते माझ्या वैऱ्यालाही नको. ताटाला ताट लावून जेवायचं, आणि ज्या एका गोष्टीसाठी जीव टांगणीला लागलाय ती सोडून भेंडी, हवा, सिलिंडर. माझ्या ओठांवर यायचं, मी पदर तोंडात कोंबायची. डोळे मिटून बाजारतळ आठवायला बघायची. टाकी दिसायची, माणूस दिसायचा, नळी दिसायची, लख्ख. आणि मग कानात हळूच, जी रं जी जी. मी डोकं झटकायची, पुन्हा पहिल्यापासून आठवायची, पुन्हा तेच. स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास उडाला की माणूस कुणाच्या तोंडाकडे बघणार? मी ह्यांच्या तोंडाकडे बघत होते, आणि ते भेंडी निवडत होते.

एका दुपारी सोपान दारात आला. वाळून काटकी झाला होता. हे बाजारात गेले होते, ते बघूनच आला असावा.

"वहिनी, आत येत न्हाई. भागवतला जाऊ द्या एवढंच सांगाया आलो. आडवू नका."

"मी कशाला अडवीन? मीच पाठवतेय."

"तुम्ही पाठवताय?" त्याला खरं वाटेना. मग त्याने हात जोडले. "लई उपकार झाले."

माझ्याविरुद्ध साक्ष होणार म्हटल्यावर मी कुणाला हात जोडले असते का? तो गेला, आणि मी उंबऱ्यातच बसून राहिले. हा माणूस घाबरलेला का नाही?

चाचणीच्या दिवशी इराबाई ह्यांना म्हणाल्या, "काका, मावशींची चाचणी झालेली आहे. तुमची हरकत नसेल तर त्या काचेपलीकडे बसून ऐकू शकतात."

"ऐकू दे," हे म्हणाले. "तिनं ऐकायलाच पाहिजे."

टोपडं चढवलं. ह्यांनी डोळे मिटले. पडद्यावर काही नव्हतं, मग एकदम निळं निळं पसरत गेलं. काठोकाठ. इराबाई खुर्चीतून पुढे सरकल्या.

"आमचं गाणं चालू होतं," हे सावकाश बोलू लागले. "टाकी बाजारतळाच्या पार टोकाला. वरच्या कर्ण्यातून माझाच ठोका मला परत ऐकू यायचा, पण उशिरा. इथे वाजवावं, आणि जरा थांबून तो तिकडून यायचा. लय बिघडत होती. मी सोपानला खूण केली, तो कर्णा तिकडे फिरव. तो चढला. एवढ्यात भाई आले."

कलापथकाची रीत अशी, की पुढारी आला की गाणं असेल तिथे थांबतं. ढोलकीवाला तोड देतो, तोड म्हणजे शेवटचा ठोक्यांचा तुकडा, आणि त्यावर सगळ्यांनी गप्प व्हायचं. खुर्चीच्या हातावर ह्यांची बोटं चालायला लागली. तीस वर्षांनी मी ती तोड बघत होते.

"भाई बोलायला लागले तरी कर्णा शिट्टी मारत होता. मी सोपानकडे बघून हाताने सांगत होतो, अजून डावीकडे. त्याचे दोन्ही हात कर्ण्याच्या पाइपावर होते. तेवढ्यात गोळी सुटली. आणि मग टाकीवरनं दुसरी. जेवढ्या अंतराने माझा ठोका परत येत होता ना बाई, तेवढ्याच अंतराने गोळी परत आली. सोपानचे हात पाइपावरच होते. तो वाकून खाली बघत होता, काय झालं म्हणून."

निळ्यात पिवळ्याचा एक ठिपका नव्हता.

इराबाईंनी मला नंतर कागदावर आकृती काढून दाखवलं. भाईंच्या पुढचा माइक चालू होता. त्याने गोळीचा आवाज पकडला, तो तारेतून टाकीवरच्या कर्ण्यात तत्क्षणी पोहोचला. पण कर्ण्यातून आमच्या कानापर्यंत तो हवेतून आला, आणि हवेतला आवाज तारेइतका वेगवान नसतो. म्हणून एकाच गोळीचे दोन आवाज. पहिला जवळून, दुसरा टाकीकडून. "सगळ्या तळाने दोन आवाज ऐकले, ते खरंच ऐकले," त्या म्हणाल्या. "फक्त गोळी एक होती."

बाहेर बाकावर आम्ही दोघं बसलो. आता बोलायला मोकळीक होती.

"का नाही सांगितलंत मला?"

"सांगितलं होतं."

"कधी?"

"भाईंच्या शोकसभेच्या आदल्या दिवशी. तू लिहीत बसली होतीस. मी म्हटलं, मालन, ती बंदूक नाही, कर्णा आहे. तू म्हणालीस, विकले गेलात तुम्ही."

मी आठवून बघितलं. शपथेवर सांगते, अगदी तळाशी जाऊन बघितलं. काही नाही. लिहीत होते ते आठवतं, कंदिलाची काजळी आठवते. हे आले होते, बोलले होते, हे माझ्यात कुठेच नाही.

"मग पुन्हा सांगायचं होतं!"

"गाण्यात तेव्हा कुणाचं नाव नव्हतं. तुला त्या गाण्यानं उभं केलं होतं. कशाला हात लावू? सोपानचं नाव निघालं तेव्हा मात्र ठरवलं, बोलावलं की जायचं."

"आणि ती मोटर? तंबाखू?"

ते कसनुसं हसले. "तुझा आवाज असा आहे, मालन. दोनदा-चारदा ऐकलं असतं तर मलाही बंदूकच दिसायला लागली असती. म्हणून उठून जायचो. एकाला तरी दिसलं तसं राहू दे म्हटलं."

मी ह्या माणसाला तीस वर्षं भित्रा म्हणत आले. मला तिथेच, त्या सिनेमागृहाच्या बाकावर, हमसून रडू आलं. लाज वाटली आणि रागही आला, इतकं चांगलं कुणी असावं का म्हणून.

अहवाल यायला काही महिने लागतील, तोवर साक्ष गुप्त राहील, असं इराबाई म्हणाल्या. पण पुण्यतिथी तोंडावर आली होती. गुजाळने गावभर फलक लावले होते: टाकीवरच्या गद्दाराला माफी नाही. सोपानच्या दुकानाचं शटर कुणीतरी वाकवलं होतं. सभेला आलेली माणसं तिथून उठून कुठे जाणार, हे आंधळ्यालाही दिसत होतं.

"ताई, टाकीचा चौक दोनदा घ्या," गुजाळ स्टेजमागे म्हणाला. "लोक पेटले पाहिजेत."

मी पदर खोचला. ह्यांनी पुतण्याला बाजूला सारलं आणि ढोलकी स्वतःच्या मांडीवर ओढली. गुजाळ खूष झाला. "वा! काकासुद्धा!"

ऊन कलत होतं. बाजारतळ माणसांनी भरला होता, आणि टोकाला तीच टाकी, रंग लावलेली. मी गायले. भाईंचा जन्म गायले, भाईंचा मोर्चा गायले, भाई सभेला आले ते गायले. टाकीचा चौक आला. मी थांबले.

लोक थांबले नाहीत.

मी तोंड मिटून उभी होते आणि अख्खा तळ गात होता. टाकीच्या डोईवर, उभा हरामखोर! बाया गात होत्या, कॉलेजची मुलं मुठी आवळून गात होती, भाईंना ज्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं ती मुलं. शब्द माझे, चाल माझी, आणि माझी कुणालाच गरज नव्हती. मी हात वर केले, थांबा म्हणून. त्यांना वाटलं, अजून जोरात. रांगेतले काही जण उठून टाकीकडे नव्हे, सोपानच्या गल्लीकडे बघायला लागले होते.

मी ह्यांच्याकडे वळले. "भागवत, तोड!"

आणि ह्यांनी तोड दिली. काय दिली म्हणून सांगू! म्हाताऱ्या बोटांत इतका जोर कुठून आला कुणास ठाऊक. ज्या लोकांचं आयुष्य सभांमध्ये गेलंय, त्यांच्या अंगातच ते मुरलेलं असतं. ढोलकीने तोड दिली की थांबायचं, कुणीतरी बोलणार आहे. पुढचे थांबले, मागचे थांबले. तळ शांत झाला.

"टाकीवर सोपान होता," मी माइकमध्ये म्हटलं. माझाच आवाज मला कर्ण्यातून उशिरा परत आला. "त्याच्या हातात बंदूक नव्हती. कर्णा होता. दुसरी गोळी झाडलीच नाही कुणी. तो कर्ण्याचा आवाज होता, आत्ता माझा येतोय तसा. ऐका. ऐकू येतोय का?"

क्षणभर सगळ्यांनी खरंच ऐकलं. मग मागून कुणीतरी ओरडलं, "विकली गेली!"

ह्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी माइक सोडला नाही. गुजाळ वायर ओढायला धावला, तर हे ढोलकीसकट त्याच्या आडवे उभे राहिले. चपला यायला लागल्या. मी पुन्हा सांगितलं, पुन्हा सांगितलं, घसा फुटेपर्यंत सांगितलं, की सोपानच्या हातात कर्णा होता, माझ्या माणसाने पाहिलंय, आणि माझ्या माणसाचा मला भरवसा आहे.

आणि तुम्हाला खरं सांगू? मी टाकीकडे बोट करून हे सांगत होते, तेव्हाही मला तिथे बंदूकच दिसत होती.